माणूस चुकतो, की त्याला प्रश्नच वाकडा विचारला जातो?

आडमुठा
माणसाच्या निर्णयांतल्या चुका दाखवणं हा आता धंदाच झाला आहे. व्यवस्थापनाच्या कुठल्याही शिबिरात जा, पूर्वग्रहांची भलीमोठी यादी पडद्यावर येते आणि 'आपला मेंदू आपल्याला कसा फसवतो' हे प्रवचन सुरू होतं.

याचं मूळ अमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांच्या कामात आहे. १९७४ साली 'सायन्स'मध्ये त्यांचा गाजलेला लेख आला. अनिश्चित परिस्थितीत आपण हिशेब न करता ठोकताळ्यांवर चालतो आणि त्यामुळे ठरावीक प्रकारे चुकतो, असं त्यांचं म्हणणं. कानमनना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते.

माझा आक्षेप असा, की यांतल्या बऱ्याच 'चुका' प्रश्न विचारणाऱ्याने घडवलेल्या आहेत. त्यांची लिंडा घ्या. ३१ वर्षांची, अविवाहित, स्पष्टवक्ती, तत्त्वज्ञान शिकलेली, विद्यार्थिदशेत सामाजिक न्यायाच्या चळवळीत वावरलेली. आता सांगा, ती बँकेत कॅशियर असण्याची शक्यता जास्त, की कॅशियर असून स्त्रीवादी चळवळीत सक्रिय असण्याची? ८५ टक्के लोकांनी दुसरा पर्याय निवडला. दोन गोष्टी एकत्र घडण्याची शक्यता एकीपेक्षा जास्त असूच शकत नाही, म्हणून लोक चुकले म्हणे! अहो, पण एवढं वर्णन समोर ठेवल्यावर ते कशासाठी तरी दिलंय असं माणूस धरून चालणारच. हाच प्रश्न 'अशा शंभर बायकांपैकी किती जणी' असा विचारला की चुका बऱ्याच कमी होतात. मग दोष कुणाचा?

तिरपी_रेघ
लिंडाबद्दल सहमत, तो प्रश्न मलाही कधी आवडला नाही. पण तेवढ्यावर अख्खं दुकान बंद करू नका. त्यांचाच चाकाचा प्रयोग घ्या. लोकांसमोर चाक फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्या गटाच्या अंदाजांचा मध्यक २५, ६५ पाहिलेल्यांचा ४५. यात कुठला शब्दच्छल आहे?

आडमुठा
उत्तर ठाऊक नसलं की माणूस समोर दिसेल त्या आकड्याला धरतो. अडाण्याला काठीचा आधार.

तिरपी_रेघ
चाकावरून आलेल्या आकड्याचा आधार? त्यालाच तर चूक म्हणतात, आडमुठेराव.

गणिताचा_तास
मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लावते. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी या वादात वापरलेलं एक उदाहरण सगळ्यांनी स्वतः करून पाहावं.

स्तनाच्या कर्करोगाची चाचणी. रोगाचं प्रमाण १ टक्का. रोग असेल तर चाचणी ८० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते, रोग नसतानाही ९.६ टक्के वेळा येते. एखाद्या बाईची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तिला रोग असण्याची शक्यता किती? भले भले ७०-८० टक्के सांगतात.

आता असं बघा. हजार बायका. दहा जणींना रोग; त्यांतल्या आठ पॉझिटिव्ह. उरलेल्या ९९० पैकी साधारण ९५ जणीही पॉझिटिव्ह. म्हणजे एकूण १०३ पॉझिटिव्ह, त्यांत खरा रोग आठ जणींना. आठ टक्केसुद्धा नाही!

गिगेरेंझर आणि हॉफ्राग यांनी १९९५ मध्ये असे प्रश्न दोन्ही प्रकारे विचारून पाहिले. टक्केवारीत दिल्यावर योग्य रीतीने सोडवण्याचं प्रमाण १६ टक्के, माणसं मोजायला दिल्यावर ४६. मेंदू तोच. मी आडमुठा यांच्या बाजूने.

तिरपी_रेघ
४६ म्हणजे सोपं करून दिल्यावरही निम्म्याहून जास्त गडबडले, ताई. आणि प्रत्यक्षात सोपं करून देणार कोण? मॅकनील आणि सहकाऱ्यांचा १९८२ चा अभ्यास पाहा. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करावी की रेडिएशन द्यावं, हा प्रश्न. 'इतके वाचतात' असं सांगितलं की शस्त्रक्रियेकडे कल वाढतो, 'इतके दगावतात' म्हटलं की कमी होतो. आकडे एकच. आणि हे रुग्णांचंच नाही, डॉक्टरांचंही झालं.

उंटावरचा_शहाणा
आणि चुका शोधणाऱ्यांच्या चुका कोण शोधणार? न्यायाधीश जेवणाच्या सुट्टीनंतर जास्त पॅरोल देतात, हा २०११ चा इस्रायलमधला निष्कर्ष सगळे मिटक्या मारत सांगतात. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं सत्राच्या शेवटी येत असत, हा त्याच वर्षी घेतलेला आक्षेप मात्र कुणी सांगत नाही. नकळत मिळालेल्या इशाऱ्याने माणसाचं वागणं बदलतं, असं सांगणारे 'प्रायमिंग'चे प्रयोग पुन्हा करायला गेले तर कोसळले. खुद्द कानमननी २०१२ मध्ये त्या संशोधकांना पत्र लिहून घर सावरायला सांगितलं. प्रामाणिकपणावरच्या एका गाजलेल्या शोधनिबंधातली आकडेवारी बनावट निघाली, २०२१ मध्ये तो मागे घेतला. प्रामाणिकपणावरचा! यावर वेगळी टिप्पणी नको.

तिरपी_रेघ
प्रायमिंग गेलं, मान्य. पण २०१४ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून जुने तेरा परिणाम तपासले, त्यांत अँकरिंग, म्हणजे त्या चाकासारखं आधी दिसलेल्या आकड्याकडे अंदाज ओढला जाणं, दणदणीत टिकलं. एक भिंत पडली म्हणून वाडा पडला असं होत नाही.

निवांत
तुम्ही सगळे जुनी लढाई पुन्हा लढताय. गॅरी क्लाइन अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करणारे, अनुभवी नजरेवर विश्वास असणारे. ते आणि कानमन यांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. परिस्थितीत काही नियमितता हवी आणि आपण बरोबर होतो की चूक हे कळून शिकण्याची संधी हवी. तरच अंतःप्रेरणेवर भिस्त ठेवावी. जळत्या घरात दोन्ही मिळतात. दूरच्या राजकीय भाकितांत नाही.

आडमुठा
लेख उत्तम आहे. पण तो शिबिरांत कुणी दाखवत नाही, कारण 'कधी कधी तुमचं बरोबर असतं' यावर शिबिर भरत नाही. माझी खरी चिंता पुढची आहे. 'लोकांना निवडता येत नाही' हे एकदा ठरलं, की त्यांच्या वतीने निवडणारे तयारच असतात. जर्मनीत अवयवदानाला संमती १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८, जॉन्सन आणि गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये हे मांडलं. कारण काय, तर ऑस्ट्रियात नकार कळवला नाही की होकार धरतात. ही संमती आहे की गृहीत धरणं?

गणिताचा_तास
आणि हे नोंदीचे आकडे आहेत, प्रत्यक्ष झालेल्या अवयवदानाचे नाहीत. दोन्हींची सर्रास गल्लत होते.

तिरपी_रेघ
मौनाचा काहीतरी अर्थ धरावाच लागतो. जर्मनीत तो नकार धरला, तेही गृहीत धरणंच झालं.

आडमुठा
मग कुठलाच अर्थ धरू नका. 'हो' किंवा 'नाही' लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही, असं करा.

तिरपी_रेघ
चालेल. त्या फॉर्मवरचा प्रश्न कोण लिहिणार? 'किती जीव वाचतात' असं लिहायचं, की 'तुमच्या शरीरातून काय काढलं जाईल' असं? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे उत्तर तिथेच ठरणार.