फाउंडेशनला 'न्यास' म्हणावं की 'प्रतिष्ठान'?

युरोपातल्या धर्मादाय संस्थांवरचा एक मजकूर मराठीत करतेय आणि शब्दांपाशीच गाडी अडलीये. युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनच्या कार्यकारी मंडळाने, फेब्रुवारी २०१२ मध्ये एक प्रस्ताव मांडला होता, लॅटिन नाव 'फुंडाशिओ युरोपिया', थोडक्यात एफई. लोकहिताचं फाउंडेशन एकदाच नोंदवायचं, मालमत्ता किमान २५ हजार युरो, काम निदान दोन सदस्य देशांत, आणि मग तेच रूप सगळ्या युनियनमध्ये चालावं, दर देशात नवी संस्था काढत बसायला नको. मी लिहिलं 'सीमापार धर्मादाय न्यास'. मैत्रीण म्हणाली, सीमापार वाचलं की पुढे दहशतवादच आठवतो. 'आंतरदेशीय' केलं तर तिला पोस्टाचं निळं पत्र आठवलं! काय करू?

—

ताई, आधी सोपं घेऊ. निळं पत्र 'अंतर्देशीय', अंतर् म्हणजे आत, देशाच्या आतल्या आत जाणारं. 'आंतर' म्हणजे दोघांच्या मधलं, आंतरराष्ट्रीय, आंतरशालेय. म्हणजे तुमचा शब्द चूक नाही, पण वाचणाऱ्याचा डोळा तेवढा फरक करत नाही. 'बहुदेशीय' लिहायला जाल तर सगळे 'बहुउद्देशीय' वाचतील, गल्लोगल्ली त्याच पाट्या आहेत. मी असतो तर शीर्षकात नुसतं 'युरोपीय' ठेवलं असतं आणि आत एकदा 'अनेक देशांत एकाच नोंदणीवर चालणारं' असं सरळ लिहिलं असतं.

पण 'न्यास' मात्र नको, कळकळीने सांगतो. माझं रोजचं काम ट्रस्टच्या कागदांचं, धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, हिशेबपत्रकं, हेच. न्यास म्हणजे ट्रस्ट. ट्रस्टमध्ये मालमत्ता विश्वस्तांच्या हाती असते, ट्रस्ट ही कायद्याच्या लेखी त्यांच्याहून वेगळी अशी व्यक्ती नसते. शब्दातच ते आहे बघा, न्यास म्हणजे ठेवणं, ठेव, पूजेत अंगन्यास करताना आपण हात ठेवतो तोच. कुणाच्या तरी भरवशावर ठेवलेली वस्तू.

जर्मनांची श्टिफ्टुंग किंवा फ्रेंचांचं फोंदासिओं, म्हणजे त्यांचं फाउंडेशन, वेगळं. तिथे सभासद नाहीत, मालक नाही, एका हेतूसाठी बाजूला काढलेली मालमत्ता आणि तीच कायद्यापुढे व्यक्ती म्हणून उभी राहते. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ काय जातं माहितीये? देवस्थानची जमीन. आमच्या गावच्या मारुतीच्या जमिनीचा सातबारा मी स्वतः काढलाय, भोगवटादाराच्या रकान्यात मारुतीचंच नाव आहे. पुजारी कसतो, वहिवाट बघतो, उद्या त्याचा मुलगा बघेल, पण जमीन मारुतीची. आता देवाच्या जागी हेतू ठेवा, म्हणजे आजारी मुलांचा इलाज किंवा संगीताचा अभ्यास, की झाली श्टिफ्टुंग.

म्हणून 'प्रतिष्ठान'. प्रति आणि स्था, पक्कं उभं केलेलं, मूर्तीची प्रतिष्ठापना त्यातलीच, पैठणचं जुनं नावही हेच. फाउंडेशनचं लॅटिन मूळ म्हणजे पाया घालणं, तेही जवळ आलं. आपल्याकडची प्रतिष्ठानं नोंदताना १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीच जातात, प्रतिष्ठान असा वेगळा कायदेशीर वर्ग नाही, त्यामुळे हा शब्द मोकळा आहे, वापरायला हरकत नाही.

—

पटलं काका! सातबाऱ्याचं उदाहरण तर डोक्यात बसलं. आता 'धर्मादाय'चं सांगा कुणीतरी. आजोबांच्या आडतीच्या बिलावर हमाली, तोलाईच्या खाली 'धर्मादा' असा रकाना असायचा, गिऱ्हाइकाकडून चार पैसे धर्माच्या नावाने काढायचे. तोच शब्द युरोपातल्या संशोधन-फाउंडेशनला लावताना हात अडतो.

—

मी जर्मनीत राहतो, इथे देणगीच्या पावतीवर 'गेमाइन्न्युत्झिग' लिहिलेलं असतं, शब्दशः सगळ्यांच्या उपयोगाचं. म्हणून 'लोकोपयोगी' किंवा 'लोकहिताचं'. आणि हा फरक नुसता भाषेचा नाहीये, कुठलं काम लोकहिताचं हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो आणि करसवलत त्यावर मिळते. पेर्शे खटला वाचा, एका जर्मन माणसाने पोर्तुगालमधल्या एका आश्रमाला चादरी, टॉवेल, म्हाताऱ्यांचे वॉकर आणि मुलांना खेळण्यातल्या गाड्या दिल्या, किंमत १८,१८० युरो. इथल्या टॅक्स ऑफिसने सवलत नाकारली कारण घेणारी संस्था जर्मनीतली नाही. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २७ जानेवारी २००९ ला सांगितलं की नुसत्या त्या कारणावरून नाकारता येणार नाही, पुरावे मात्र मागू शकता. म्हणजे देणाऱ्याने पोर्तुगालचे कागद आणून जर्मन अधिकाऱ्याला पटवायचं, दर वेळी. वॉकर द्यायला एवढे हेलपाटे! एफईच्या मूळ मसुद्यात कराच्या बाबतीतही या फाउंडेशनला देशी संस्थेसारखंच वागवायचं कलम होतं आणि सगळ्यात जास्त तिथेच अडलं. सगळ्या, म्हणजे तेव्हाच्या २८ सरकारांचा होकार लागत होता, तो मिळाला नाही, २०१५ मध्ये प्रस्ताव मागे घेतला. मला अजून हळहळ वाटते.

आणि एक, २०२३ मध्ये कमिशनने जो नवा सीमापार संस्थेचा प्रस्ताव आणला तो सभासद असलेल्या संस्थांसाठी आहे, फाउंडेशनसाठी नाही. मराठीत दोन्हीला 'संस्था' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल जुनंच परत आलं.

—

मग त्याला 'मंडळ' म्हणते, सभासद आले की मंडळ. आणि एफई म्हणजे 'लोकहिताचं युरोपीय प्रतिष्ठान'. 'न्यास' फक्त इंग्लंडच्या ट्रस्टबद्दलच्या परिच्छेदात ठेवलाय, २०१२ मध्ये तेही युनियनमध्येच होते ना.