कृष्णधवल प्रिंटमध्ये काळं करडं येतंय, सावल्या बुजतात. मदत हवी आहे

शहापूरकर:
बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिराचे फोटो छापतोय. स्क्रीनवर खांबांच्या घोटीव कड्या एकेक दिसतात. कागदावर खांब म्हणजे नुसता सपाट डाग, आणि तोही काळा नाही, ओल्या हाताने पुसलेल्या पाटीसारखा. हेड तीनदा साफ केलं, चार कागद वाया गेले. प्रदर्शनासाठी शनिवारी फ्रेमवाल्याकडे द्यायचेत. लवकर सांगा.

निपाणीकर:
प्रिंटर कुठला, कागद कुठला? ते कळल्याशिवाय काय सांगणार?

जुनी_डार्करूम:
डार्करूममधला फायबर कागद, आणि काळा गडद करणारं सेलेनियम टोनर. तसा काळा इंकजेटला जन्मात यायचा नाही. मी चाळीस वर्षं हेच केलंय.

निपाणीकर:
काका, त्यांना शनिवारी द्यायचेत.

शहापूरकर:
एपसन एल ८०५. कागद मॅट, खडेबाजारातून आणलेला.

खानापूर_रान:
मग मॅट सोडा की. चांगल्या मॅटवरही काळ्याची घनता १.७ च्या आसपास थांबते, चांगला ग्लॉसी २.२ च्या पुढे जातो; आकडा मोठा तितका काळा गडद. मी मॅट कधीच बंद केला.

निपाणीकर:
पटत नाही. दगडाच्या फोटोला मॅटच शोभतो, आणि ग्लॉसीवर समोरची खिडकी दिसते. शहापूरकर, ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, पेपर टाइप काय ठेवलाय? रंग कोण सांभाळतंय, फोटोशॉप की प्रिंटर?

शहापूरकर:
प्लेन पेपर, तो आपोआपच येतो ना? रंगाचं दोन्हीकडे चालू आहे.

निपाणीकर:
घोळ तिथंच आहे. प्लेन पेपर म्हटलं की ड्रायव्हर शाई हात राखून सोडतो. मॅट निवडा, क्वालिटी हाय. रंग फोटोशॉपकडे द्या आणि ड्रायव्हरमध्ये 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' करा. दोघांनीही हात लावला की सावल्या बुजतात. फोटोशॉपमध्ये ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनवर टिक हवी, म्हणजे फोटोतला सगळ्यात गडद काळा कागदाच्या सगळ्यात गडद काळ्याशी जुळतो.
मग ० (पूर्ण काळा) ते ५० पर्यंत, पाच-पाचच्या फरकाने करड्या चौकोनांची पट्टी छापा. जिथून चौकोन वेगळे दिसू लागतात, त्याच्या खालचं सगळं या कागदाला काळंच. खांबाचं काम फोटोशॉपच्या कर्व्हने तेवढं वर उचला, म्हणजे उजळ करा, पण ० हलवू नका, नाहीतर पुन्हा करडं. आणि रात्रभर वाळू द्या, या पावसात तर नक्कीच.

टिळकवाडी_सकाळ:
बस्ती १२०४ सालची ना? छतातलं कमळ काढलंय का? ट्रायपॉड नेऊ देतात का तिथं?

खानापूर_रान:
त्याचा वेगळा धागा काढा हो. शहापूरकर, शाई कंपनीची आहे का?

शहापूरकर:
पट्टी छापली. आधी कागदच उलटा घातला होता. ओल्या बोटाने कोपरा दाबला, तर एकच बाजू बोटाला चिकटली, कोटिंग तिकडं होतं. आता काळा भरीव आलाय. २५ पर्यंत सगळे चौकोन एकच, ३० पासून सुटे. कर्व्ह उचलल्यावर खांबाच्या कड्या मोजता येतात, खरंच जीव भांड्यात पडला. पण ट्यूबलाइटखाली हिरवट झाक दिसते, खिडकीशी नाही. शाई सुट्या बाटलीतली आहे, ते सांगायचं राहिलं.

खानापूर_रान:
तेच पहिल्यांदा सांगायला हवं होतं!

निपाणीकर:
एल ८०५ करडा रंग रंगीत शाया मिसळूनच करतो आणि तुमचं प्रोफाइल (कागद-शाईप्रमाणे रंग जुळवणारी फाइल) मूळ शाईचं, त्यामुळे झाक. ती उजेडाप्रमाणे बदलणार. प्रदर्शनात दिवे कुठले आहेत?

शहापूरकर:
पिवळसर एलईडी. उद्या एक प्रिंट तिथंच नेऊन बघतो, मग लिहितो.