‘हे आधी विचारून झाले आहे’ : नवागतांच्या त्याच त्या प्रश्नांविषयी अनुभव धागा

हौशी आकाशनिरीक्षकांचा एक ऑनलाइन गट मी अकरा वर्षांपासून सांभाळते. ‘माझ्या नव्या दुर्बिणीतून शनी नुसता अस्पष्ट ठिपका का दिसतो?’ हा प्रश्न या काळात किती वेळा वाचला, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. उत्तर बहुधा ठरलेले असते. नवखा माणूस ७० मिलिमीटर व्यासाची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घेतो, खोक्यावर ‘५२५ पट’ असे छापलेले पाहून हरखतो आणि सर्वांत लहान, म्हणजे ४ मिलिमीटरची नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) लावून बसतो. त्यातून वर्धन होते १७५ पट, आणि एवढ्या व्यासाच्या दुर्बिणीला स्थूलमानाने १४० पटींच्या पलीकडचे वर्धन पेलत नाही. त्याऐवजी २० मिलिमीटरची नेत्रिका लावली की अवघ्या ३५ पटींत शनीची कडी डोळ्यांना जाणवू लागतात. हे लिहून लिहून कंटाळा आल्यावर मी एक सविस्तर लेख केला, तो गटाच्या माथ्यावर डकवला आणि त्यानंतर प्रत्येकाला निमूटपणे त्याचा दुवा देऊ लागले.

२०२५ मध्ये तोच लेख माझ्या अंगाशी आला. साधारण चौदा-पंधरा वर्षांनी एकदा शनीच्या कड्यांची पातळी पृथ्वीच्या नजरेला अगदी आडवी येते, म्हणजे कड्यांची फक्त पातळ कड आपल्याकडे राहते, आणि कडी जवळपास दिसेनाशी होतात. त्या वर्षी मार्चमध्ये असे घडले, आणि नोव्हेंबरातही ती इतकी बारीक होती की लहान दुर्बिणीत असून नसल्यासारखीच. नेमक्या त्या दिवसांत एका शाळकरी सदस्याने कडी दिसत नसल्याचे लिहिले आणि मी सवयीने दुवा दिला. त्याने तीन रात्री नेत्रिका बदलून पाहिल्या आणि चौथ्या दिवशी लिहिले की त्याची दुर्बीण बहुधा खराब निघाली आहे, ती परत करण्याविषयी तो घरी बोलणार आहे. लाजिरवाणी गोष्ट अशी की कडी आडवी येणार असल्याची सूचना दोन महिन्यांपूर्वी गटावर मीच दिली होती. प्रश्न शब्दशः तोच दिसल्यामुळे तो मी वाचलाच नव्हता, फक्त ओळखला होता.

म्हणून हा धागा. गट सांभाळणाऱ्यांनी, उत्तरे देणाऱ्यांनी आणि कधीकाळी असा प्रश्न विचारून गप्प बसवल्या गेलेल्यांनीही लिहावे. एवढीच विनंती आहे की उपाय सुचवण्याआधी प्रसंग सांगावा.

यूजनेटच्या काळापासून चर्चागटांत वावरणारे एक सदस्य

ताई, आपली चूक फार जुनी आहे. यूजनेटवर, म्हणजे वेबच्याही आधीपासूनच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांतील नव्या विद्यार्थ्यांची लाट येई. खाते नवे, उत्साह नवा आणि प्रश्न मात्र गेल्या सप्टेंबरचेच. ऑक्टोबर सरेपर्यंत त्यांतील बहुतेक जण रुळत. १९९३ नंतर व्यावसायिक इंटरनेट सेवांचे ग्राहक घाऊक संख्येने येऊ लागले, ती लाट पुन्हा ओसरलीच नाही, आणि जुन्या मंडळींनी त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव ठेवले. या नावात नवख्यांविषयी जो तुच्छभाव आहे तो मला तेव्हाही रुचला नव्हता, कारण नवखे काही वेगळ्या मातीचे नव्हते. ते संख्येने वाढले आणि त्यांना रुळवणारे मात्र होते तेवढेच राहिले, इतकेच घडले होते.

‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ या प्रकाराचाही उगम ध्यानात घेण्यासारखा आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अवकाशविषयक एका चर्चायादीवर अशी प्रश्नोत्तरे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा पाठवली जात. साठवणुकीची जागा तोकडी होती, जुने संदेश टिकत नसत, त्यामुळे नव्याने पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हते. या अडचणीचा एक फायदा असा होता की यादी सांभाळणारा माणूस ती प्रत्येक वेळी पाठवण्यापूर्वी डोळ्यांखालून घालत असे आणि शिळे झालेले काढून टाकत असे. आता काहीच पुसले जात नाही, त्यामुळे लिहिणाराही आपले लिहिलेले पुन्हा उघडत नाही. आपण तो डकवलेला लेख शेवटचा कधी वाचला होता?

प्रोग्रॅमिंग स्वतःच्या बळावर शिकलेली एक सदस्या

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. पायथन ही संगणकभाषा शिकायला लागून आठवडा झाला होता. वापरणाऱ्याकडून दोन संख्या घ्यायच्या आणि बेरीज दाखवायची, असा माझा पहिलावहिला प्रोग्रॅम होता. मी ५ आणि ५ भरले आणि उत्तर आले ५५. एका प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर मी हे विचारले, तर काही मिनिटांतच ‘पुनरावृत्ती’ असा शिक्का मारून माझा प्रश्न बंद करण्यात आला आणि वर कोणीतरी लिहिले की विचारण्यापूर्वी शोधण्याची तसदी घ्यावी.

शोध मी घेतला होता, पण ‘बेरीज चुकते’ असा. ज्या जुन्या प्रश्नाकडे मला पाठवले त्याच्या शीर्षकात ‘स्ट्रिंग’ (मजकूर) आणि ‘इंटिजर’ (पूर्णांक) हे शब्द होते, आणि ते शब्द मला ठाऊक असते तर मला अडचणच आली नसती. शोधायला जो शब्द हवा तो उत्तराच्या पोटात दडलेला असतो, हे अनुभवी माणसांच्या लक्षात येत नाही. त्यातून त्या पानावरचे पहिलेच उत्तर पायथन २ या जुन्या आवृत्तीसाठीचे निघाले. पायथन २ मध्ये इनपुट हे फंक्शन टाइप केलेले अंक संख्या म्हणूनच हाती देत असे. पायथन ३ मध्ये ते जे काही टाइप केले ते मजकूर म्हणून परत देते, आणि मजकुराला मजकूर जोडला की ५५ होणार हे उघड आहे. ‘तुम्ही घेतलेले पाच ही संख्या नसून अक्षर आहे, त्याचे आधी इंटिजरमध्ये रूपांतर करा’, एवढ्या एका वाक्याने काम झाले असते. ते वाक्य मला दोन दिवसांनी एका पुस्तकात सापडले. त्या संकेतस्थळावर मी पुढची दोन वर्षे काहीही विचारले नाही.

अशाच एका गटातील जुने उत्तरदाते

वरील अनुभव वाचून लिहिणे भाग पडले, कारण तो शिक्का मारणाऱ्यांच्या पंक्तीत मी अनेक वर्षे बसलो आहे. आमच्याकडचा नेहमीचा पाहुणा म्हणजे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी का येते, हा प्रश्न. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा कधीच पुरता लिहून होत नाही, तसा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत एक-दशांश लिहून होत नाही, हे समजावून सांगताना सुरुवातीला मला खरोखर आनंद होत असे. पहिल्या वीस जणांना मी उदाहरणे रचून लिहिले. एकविसाव्यापासून दुवा देऊ लागलो. पन्नासाव्याला मी टोमणा मारला. तो टोमणा खरे तर आधीच्या एकोणपन्नास जणांना उद्देशून होता, पण ते कोणीच समोर नव्हते. झेलावा लागला तो पहिल्यांदाच विचारणाऱ्या त्या एकाला.

तरीही पुनरावृत्तीच्या शिक्क्याची बाजू मांडतो. बंद झालेला प्रश्न बहुधा पुसला जात नाही, तो एका जागच्या उत्तराकडे बोट दाखवत उभा राहतो. आपण ‘५ आणि ५ यांची बेरीज ५५ का?’ असे विचारले असेल, तर पुढे ‘स्ट्रिंग’ हा शब्द ठाऊक नसलेला माणूस आपल्याच शब्दांनी शोधत आपल्या प्रश्नापाशी पोहोचतो आणि तिथून उत्तरापाशी. एका घराला वीस दारे झाली तर बिघडत नाही. बिघडते ते दारात उभे राहून ‘घर आधीपासून इथेच होते, दिसले नाही का?’ असे म्हटल्यावर. हल्ली मी दुवा देतोच, पण त्याआधी त्या माणसाच्या उदाहरणातील आकडे घेऊन एक वाक्य हाताने लिहितो आणि त्यात नेमका पारिभाषिक शब्द घालतो. त्याला जेमतेम मिनिट लागते, आणि ते वाक्य लिहिण्यासाठी मला प्रश्न पुरता वाचावाच लागतो.

नव्या पालकांच्या गटाच्या एक संचालिका

आमच्याकडे ‘बाळ दर दोन तासांनी उठते, हे बरोबर आहे का?’ हा प्रश्न पहाटे तीनच्या सुमारास येतो. नवजात बाळे दोन-तीन तासांनी दूध मागतात हे विचारणाऱ्या आईला दवाखान्यात सांगितलेले असते आणि आमच्या माहितीपानावर ते पहिल्याच ओळीत आहे. त्या वेळी तिला दुवा देणे म्हणजे दार उघडून माहितीपत्रक हातात ठेवणे आणि दार लावून घेणे. तिथे आम्ही नियम करण्याच्या भानगडीत पडलो नाही. जी जागी असेल ती लिहिते.

एका बाबतीत मात्र नियम अगदी कडक आहे. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर प्रश्न शंभराव्यांदा आला असला तरी ‘आधीची चर्चा पाहा’ असे कोणीही लिहायचे नाही. ‘आत्ता, वाट न पाहता डॉक्टरांकडे जा’ एवढे एकच वाक्य सर्वांत वर गेले पाहिजे. हा नियम आम्ही आधीच सुज्ञपणे केला असे म्हणायला मला आवडले असते. तो एका रात्री वीस मिनिटे औषधांची चर्चा रंगल्यानंतर झाला. ते बाळ सुखरूप आहे.

एक त्रासलेले सदस्य

येथे सर्वच जण नवागतांच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून थोडे विरजण घालतो. गृहपाठाचे छायाचित्र टाकून ‘लवकर सांगा, उद्या द्यायचे आहे’ असे लिहिणारा आणि उत्तर मिळताच आपला प्रश्न पुसून पसार होणारा माणूसही नवागतच असतो. असे केल्याने उत्तर निराधार होते आणि पुढच्याला त्याचा उपयोग उरत नाही. मी आता उत्तर देताना मूळ प्रश्न वर उतरवून ठेवतो. जिव्हाळ्याची अपेक्षा दोन्ही बाजूंनी असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

विकिपीडियावरील एक संपादक

इंग्रजी विकिपीडियावर ‘नवागतांना चावू नका’ असे एक मार्गदर्शक तत्त्वच आहे, आणि तत्त्व करावे लागले यातच सारे आले. तेथील सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखराला पोहोचून नंतर घसरू लागली; पुढे २०१२ मध्ये नवख्यांना बिनदिक्कत विचारता यावे म्हणून ‘टीहाउस’ नावाची वेगळी जागा सुरू झाली. तिथे तेच प्रश्न अपेक्षित आहेत हे आधीच ठरलेले असल्यामुळे उत्तर देणारा चिडून येत नाही. माझा अनुभव असा आहे की साच्यातला इशारा पाठवलेला नवा संपादक क्वचितच परत लिहितो, आणि स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहिल्या तर निदान भांडायला तरी येतो.

छायाचित्रणाच्या गटाच्या संचालिका

आमचा शनी म्हणजे चंद्र. ‘चंद्राचा फोटो नुसता पांढरा गोळा का येतो?’ यावर मी प्रकाशमापनाविषयी तीन परिच्छेद लिहीत असे: आकाश काळे असले तरी चंद्रावर लख्ख ऊन पडलेले असते, कॅमेरा काळोख पाहून प्रकाश वाढवतो, वगैरे. एकदा मी लिहिण्याआधीच, महिन्याभरापूर्वी गटात आलेल्या एका मुलीने उत्तर दिले: ‘मोबाइलच्या पडद्यावर चंद्रावर बोट दाबून धरा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, डाग दिसू लागेपर्यंत.’ ती स्वतः कुठे अडली होती ते तिला ताजे आठवत होते. मी कुठे अडले होते ते मी केव्हाच विसरले होते. त्यानंतर आम्ही असे ठरवले की नेहमीचे प्रश्न वर्षाच्या आतल्या सदस्यांनी पाळीपाळीने घ्यायचे आणि जुन्यांनी फक्त चूक झाली तरच तोंड उघडायचे. आजची आमची निम्मी जाणकार मंडळी त्या चंद्रावरच तयार झाली.

आता वेगळीच अडचण आहे. असे प्रश्न लोक संगणकातील संभाषकाला (चॅटबॉटला) विचारतात, आणि त्यात गैर काही नाही, त्याला कंटाळा येत नाही. पण गेल्या सहा महिन्यांत आमच्याकडे चंद्राचा प्रश्न दोनदाच आला. दोन्ही वेळा पाच-सहा जुने सदस्य एकदम धावून गेले, कोणी आलेखही जोडले, आणि जिची पाळी होती त्या नव्या सदस्येने संध्याकाळी मला खासगीत विचारले की आता तिने वेगळे काही लिहायचे राहिले आहे का.