अंगणातील मोकळ्या जागेत पेरू लावावा की फाउंटन ग्रास?

कळंब्याचे अंगण

नमस्कार. कळंबा तलावाच्या बाजूला आमचे घर नुकतेच बांधून झाले असून पुढच्या अंगणात, पूर्वेकडील कुंपणभिंतीलगत, साधारण १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद जागा मोकळी राहिली आहे. तेथे सकाळपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत चांगले ऊन असते. माती मूळची काळी आहे. बांधकामाच्या वेळी तीवर मुरूम पसरून रोलर फिरवल्यामुळे पाऊस उघडल्यावरही पाणी बराच वेळ साचून राहते. जमिनीखालची पाण्याची टाकी या जागेपासून पाच फुटांवर आहे.

बाग आखून देणाऱ्या गृहस्थांनी येथे फाउंटन ग्रास या जांभळ्या पानांच्या शोभेच्या गवताची रांग सुचवली आहे. सासूबाईंच्या मनात मात्र पेरू आहे, कारण त्यांच्या माहेरच्या परड्यात पेरूचे झाड होते आणि नातवंडांनी झाडावरचे फळ तोडून खावे अशी त्यांची इच्छा आहे. गवतात साप येतील, ही भीतीही त्यांनी बोलून दाखवली. वर्षभर प्रत्यक्ष काम कशाला किती पडते आणि टाकीला मुळांचा धोका कितपत आहे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

मृगबहार

ताई, जागा १२ बाय ८ फुटांची असेल तर पेरू निश्चित बसतो. मात्र तो तुम्हाला छाटणीने लहान ठेवावा लागेल. पेरूला फळ त्याच हंगामातील नव्या फुटीवर येते. त्यामुळे आंब्याची किंवा चिकूची जोरदार छाटणी करताना जो विचार करावा लागतो, तो येथे करावा लागत नाही. उलट फळे उतरल्यावर केलेल्या छाटणीने पुढच्या हंगामाची फूट वाढते. कलम दोन-अडीच फुटांचे झाले की शेंडा खुडावा, चारी दिशांना तीन-चार फांद्या राखाव्यात आणि पुढे झाड सहा-सात फुटांच्या वर जाऊ देऊ नये. सासूबाईंना जमिनीवर उभे राहून फळ तोडता येईल.

जात सरदार, म्हणजे लखनौ-४९, घ्यावी. पुण्याच्या गणेशखिंड येथे निवड पद्धतीने तयार झालेली ही जात आपल्या भागात चांगली रुळलेली आहे. बियांपासून केलेले रोप घेऊ नये. कलमाला दोन-तीन वर्षांत फळ लागते आणि ते जातीशी प्रामाणिक राहते.

खरे काम आहे ते फळमाशीचे, आणि त्याचा निर्णय बहार धरण्यातच, म्हणजे वर्षातल्या कोणत्या फुलोऱ्याची फळे घ्यायची हे ठरवण्यातच होतो. पेरूच्या आंबे बहाराची फुले फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि फळ ऐन पावसाळ्यात पिकते. ते पाणचट लागते आणि कापल्यावर अळ्या निघण्याची शक्यता त्याच वेळी सर्वाधिक असते. माशी सालीखाली अंडी घालते. वरून फक्त सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, बोटाने दाबले की तेवढीच जागा मऊ लागते, आणि आतला गर मात्र तपकिरी झालेला असतो. म्हणून मृग बहार धरावा. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, म्हणजे पावसाबरोबर फूल येते आणि नोव्हेंबरपासून थंडीत गोड, घट्ट गराचे फळ मिळते. फळ लिंबाएवढे झाले की कागदी किंवा कापडी पिशवी बांधावी. घरच्या एका झाडासाठी हे सहज जमते. खाली पडलेले फळ रोज उचलून नष्ट करावे, कारण अळ्या त्यातून बाहेर पडून मातीतच कोषात जातात. मिथाइल युजेनॉलचा (माशी खेचणाऱ्या रसायनाचा) सापळा टांगला तरी त्यात फक्त नर येतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

गवताळ माळ

वरील माहितीशी मी सहमत आहे, परंतु गवताची बाजू नीट मांडली जावी म्हणून लिहीत आहे. शोभेच्या गवताकडे आपण केवळ भरीचे झाड म्हणून पाहतो, हे मला पटत नाही. सकाळचे तिरके ऊन तुऱ्यांतून आरपार येते तेव्हा अंगणाला जे रूप येते, ते कोणत्याही फळझाडाने येत नाही. आमच्याकडे ठिपकेवाल्या मुनिया घरट्यासाठी गवताची लांब पाती उपसून नेतात. एक पाते चोचीत धरून उडताना ते शेपटीसारखे मागे लहरत जाते.

कष्ट म्हणाल तर फाउंटन ग्रास तीन-चार फूट उंच होते, खत फारसे मागत नाही, फेब्रुवारीच्या शेवटी जमिनीपासून अर्ध्या फुटावर कापावे लागते आणि दोन-तीन वर्षांनी बेट मध्यभागी विरळ झाले की उकरून, विभागून पुन्हा लावावे लागते. मात्र त्याला निचरा हवाच. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर जो पाऊस लागतो, त्यात तुरे भिजून आडवे पडतात आणि तुमच्यासारख्या चिकट जमिनीत बेटाचा गाभा कुजतो. जांभळे वाण जवळजवळ वांझ असते, म्हणून त्याचे बी पसरत नाही. साधे हिरवे फाउंटन ग्रास मात्र लावू नये; त्याचे बी वाऱ्याबरोबर जाते आणि हवाईसारख्या ठिकाणी ते उपद्रवी ठरले आहे. आपल्याकडे माळराने जवळ असताना ही जबाबदारी बागेच्या मालकाने घ्यायलाच हवी.

सापांविषयी इतकेच सांगतो, की साप गवताच्या दिसण्यामुळे येत नाही; उंदीर, बेडूक आणि लपायला जागा असली की येतो. वाळलेली पाती बुडाशी साचू देऊ नयेत आणि बेटे दारापासून, पायवाटेपासून दूर ठेवावीत.

नागाळा पार्क

झाड कोणतेही निवडा, आधी मुरूम फोडा. २०१९ च्या पुरात आमच्या बागेत पाणी शिरले तेव्हा पपई गेली, लिंबाला पुढे डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागला, पेरू तगला. पण तेवढ्यावरून पेरूला साचलेले पाणी आवडते असे समजू नये.

कळंब्याचे अंगण

सर्वांचे मनापासून आभार. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन मुरमाचा थर पूर्ण फोडायचा, एवढे आज ठरले. पेरू लावून उरलेल्या जागेत गवताची तीन-चार बेटे बसवली, तर एकमेकांना त्रास होईल का? टाकीविषयीही कोणी सांगितल्यास बरे होईल.

मृगबहार

दोन्ही एकत्र लावता येतात, परंतु पाण्याचा मेळ बसायला हवा. पेरूला एप्रिल-मेमध्ये ताण द्यायचा असताना शेजारच्या झाडांना रोज पाणी दिले, तर ते पेरूच्या मुळांनाही मिळते आणि बहार बिघडतो. या कारणाने पेरूजवळ हिरवळ लावणे मी कोणालाच सुचवत नाही. जमिनीत रुजलेली गवताची बेटे मात्र उन्हाळ्यात कमी पाण्यावर तग धरतात, त्यामुळे ही जोडी जमण्यासारखी आहे. पेरूच्या बुंध्याभोवती तीन फुटांचे आळे पूर्ण मोकळे ठेवावे. पेरूची अन्न घेणारी मुळे वरच्या थरात असतात आणि गवताची मुळेही तेथेच दाटी करतात.

फाउंटन ग्रासऐवजी वाळ्याचा विचार जरूर करावा. तो आपल्या देशातला आहे, चार-पाच फुटांपर्यंत डौलदार वाढतो, साचलेले पाणी आणि कोरडा उन्हाळा दोन्ही सोसतो, आणि त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात. जांभळा रंग त्याला नाही, हे खरे. ज्यांना रंगच हवा असेल त्यांनी फाउंटन ग्रास उंचवट्यावर लावावे.

टाकीबाबत असे, की पेरूची मुळे चांगले काँक्रीट फोडत नाहीत, पण टाकी किंवा नळ झिरपत असेल तर ओलीकडे वळून ती सांध्यात शिरतात. म्हणून टाकी भरून, एक रात्र पाणी न वापरता पातळी मोजावी. पातळी उतरत असेल तर दुरुस्ती आधी करावी आणि कलम टाकीपासून जमेल तितके लांब, म्हणजे जागेच्या पलीकडच्या टोकाला लावावे. तेथे भिंतीपासून चार फूट अंतर सोडले की छाटणीसाठी चारी बाजूंनी फिरताही येईल.