सडक्या टोमॅटोच्या डब्याला 'भेसळ' म्हणायचं का?

अमेरिकेच्या १९०६ च्या शुद्ध अन्न कायद्याखालचे जुने निकाल मराठीत आणतेय आणि एका शब्दावर अडलेय. डबाबंद टोमॅटोचा लगदा सडक्या मालाचा निघाला की सरकार साठा ताब्यात घ्यायचं, कारण लिहायचं 'अडल्टरेटेड'. कोशात भेसळयुक्त दिलंय, पण इथे कुणी काही मिसळलेलंच नाही ना?

*

ताई, त्या कायद्याच्या कलम ७ मध्येच घाणेरडा, कुजका किंवा सडका प्राणिज-वनस्पतिज अंश असलेलं अन्न त्या शब्दात घातलंय. आपल्या १९५४ च्या, आता रद्द झालेल्या अन्नभेसळ कायद्यातही तसंच होतं, किडलेलंसुद्धा त्यातच धरलं होतं. म्हणजे कलमाचं भाषांतर असेल तर भेसळ चालेल, पण साध्या वाचकाला भेसळ म्हटलं की दुधात पाणी नाहीतर मिरचीपुडीत विटकरीची भुकटीच आठवणार, तिथे सरळ 'खाण्यास अयोग्य' लिहा.

*

त्याच निकालांत 'लायबल' (libel) दिसेल, त्याचं भाषांतर 'बदनामी' असं अजिबात करू नका!! समुद्री कायद्यातली पद्धत आहे ती, दावा मालकावर नाही तर मालावरच, म्हणून खटल्यांची नावं अमेरिका विरुद्ध अमुक इतके डबे अशी असतात. १९११ चा हिपोलाइट एग कंपनीचा निकाल बघा, सेंट लुईसहून पिओरियाला गेलेले अंड्यांचे ५० डबे, बोरिक अॅसिड घातलेले (ही मात्र खरी भेसळ), बेकरीवाल्याने स्वतःच्या वापरासाठी ठेवलेले, विकायला नव्हे, तरी सुप्रीम कोर्टाने जप्ती योग्यच ठरवली. मी 'मालाविरुद्धचा दावा' लिहीन. आणि 'कंडेम' म्हणजे निषेध नाही, कोर्टाने माल दोषी ठरवणं, त्यानंतर तो नष्ट करायचा किंवा विकून पैसे सरकारजमा. मालकाला बंधपत्र (लेखी हमी) देऊन तो सोडवताही यायचा. तेव्हा जप्ती आधी आणि हे नंतर, दोन्हीला एकच शब्द नको.

*

नासका, विटका, आंबका यातलं काय घ्यायचं तेही नीट बघा. दूध नासतं, शिजवलेली आमटी विटते, टोमॅटो सडतो. लगदा उकळून गाळला की सड डोळ्याला दिसतच नाही, म्हणून तर अमेरिकी सरकारच्या रसायन विभागातल्या हॉवर्डने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे मोजायची पद्धत काढली. म्हणजे डब्यात काही नासलं नव्हतं, आत गेलेला मालच सडका होता, 'सडक्या टोमॅटोचा लगदा' हेच बरोबर, 'सडलेला लगदा' नको. फुगलेला डबा हे वेगळंच प्रकरण, त्यात जंतूंचा वायू साठतो, आणि काही डबे न फुगताही आत आंबतात, तेव्हा 'खराब डबा' या एका शब्दात सगळं कोंबू नका.

*

खूप मदत झाली. कलमात भेसळ ठेवते, बाकी ठिकाणी 'सडक्या टोमॅटोचा लगदा, खाण्यास अयोग्य म्हणून जप्त' असं करते. बंधपत्राला जामीन चालेल का? की तो माणसालाच मिळतो?