वाळ्याचं तेल पाण्यात मिसळेना, काय घालू?

वाळावेडी: उन्हाळ्यासाठी घरी वाळ्याचा बॉडी मिस्ट करतेय. डिस्टिल्ड वॉटर, वाळ्याचं इसेन्शियल ऑइल, थोडं लिंबाच्या सालीचं. कितीही हलवा, जरा वेळानं तेल बाटलीच्या कडेला चिकटलेलं. कच्चा माल मिळतो त्या दुकानात म्हणाले, ‘आयपीएम घाला, तेल हलकं होतं.’ घातलं, तर आता वर चक्क तवंग! प्रमाण चुकलं का?

साबणवाले काका: प्रमाण राहू द्या, पदार्थच वेगळा हवा. आयपीएम म्हणजे आयसोप्रोपिल मिरिस्टेट. हा एस्टर, म्हणजे तेलाचाच भाऊबंद. पाण्याशी त्याचं जमायचं नाही. दुकानदार खोटं बोलला नाही, तेल हलकं होतं, पण ते हाताला.

तुम्हाला हवा सोल्युबिलायझर, म्हणजे तेल पाण्यात मिसळवून ठेवणारा पदार्थ: पॉलिसॉर्बेट 20. 100 ग्रॅम मिस्टला दोन्ही तेलं मिळून अर्धा ग्रॅम पुरे. कोरड्या बीकरमध्ये त्यात पॉलिसॉर्बेट दीड-दोन ग्रॅम घालून आधी एकजीव करा, मगच पाणी, तेही थोडं थोडं, ढवळत. सगळं एकदम पाण्यात ओतलंत तर गढूळ राहील. वाळ्याचं तेल काकवीसारखं दाट, त्याला पॉलिसॉर्बेट जास्त लागतं. रात्रभर ठेवा, सकाळी दुधाळ दिसलं तर पुढच्या घाण्याला अर्धा ग्रॅम वाढवा. फार वाढवू नका, अंगाला चिकट लागतं आणि बाटली हलवली की फेस येतो. त्यापेक्षा तेल कमी करा.

आणि लिंबाचं तेल साल दाबून काढलेलं असेल तर ते लावून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजते. वाफेवर काढलेलं मिळतं, ते घ्या.

डोंबिवलीकर: एवढी केमिकलं कशाला? मी गुलाबपाण्यात तेल टाकते, हलवते, मारते. काही होत नाही.

साबणवाले काका: ताई, अजून झालं नाही म्हणा. न हललेल्या बाटलीतून कधी नुसतं पाणी येतं, कधी शुद्ध तेलाचा फवारा गालावर. शिवाय पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे खराब होऊ न देणारा पदार्थ, आलाच. फिनॉक्सिइथेनॉल 1 टक्क्याच्या आत. त्याऐवजी पॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह असेल तर पॉलिसॉर्बेट त्याला स्वतःकडे ओढून घेतं आणि त्याचा जोर कमी होतो, तेवढं ध्यानात असू द्या.

वाळावेडी: काका, मग ही आयपीएमची उरलेली बाटली फेकू?

साबणवाले काका: छे! दिवाळीच्या अभ्यंगाच्या तेलात घाला, 10-15 टक्के. तिळाच्या तेलाचा तो चिपचिपेपणा जातो, हात सरसर फिरतो. मुरुमं येणाऱ्या पोरापोरींच्या तोंडाला मात्र लावू नका, छिद्रं बुजतात.

बादलीत घालायचं अंघोळीचं तेल करणार असाल तर तिथे पॉलिसॉर्बेट 80 घ्या, जड तेलांना तेच बरं. पाण्यात पडल्याबरोबर तेल दुधासारखं पसरतं, तवंग धरत नाही. तरी न्हाणीघराची फरशी निसरडी होतेच; घरात म्हातारं माणूस असेल तर लगेच साबणाच्या पाण्यानं घासून काढा.

वाळावेडी: सासूबाई आहेत, म्हणजे बादलीचं रद्द. पॉलिसॉर्बेट 20 उद्या आणते. आयपीएम प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवलंय, चालेल?

साबणवाले काका: डबी कडक, काचेसारखी पारदर्शक आणि दाबली की कडकन मोडणारी असेल तर नको, एस्टरनं तिला तडे जातात. काचेच्या बाटलीत भरा.