ओएनजीसी विदेशचा 20 टक्के हिस्सा म्हणजे 20 टक्के तेल का?

खनिजवेध (प्रश्न):
ओएनजीसी विदेश, म्हणजे ओएनजीसीची परदेशात तेल-वायू काढणारी कंपनी, हिचे वार्षिक अहवाल वाचतोय आणि तीन ठिकाणी अडलोय. रशियाच्या साखालिन-1 तेल प्रकल्पात कंपनीचा हिस्सा 20 टक्के आहे, मग तिथल्या उत्पादनाचा पाचवा भाग आपला धरायचा का? रशियातल्याच व्हॅन्कोर तेलक्षेत्रात 26 टक्के आहे, त्याचं तेल उत्पादनात मोजलेलं दिसतं, पण विक्रीत दिसत नाही. असं का? आणि यातलं बरंचसं तेल भारतात येतच नसेल, तर सरकारी कंपनीने एवढा पैसा बाहेर का घालायचा?

तळविहीर:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर करारात आहे. परदेशातली बरीचशी क्षेत्रं उत्पादन-वाटप करारावर चालतात. त्यात जमिनीखालचं तेल त्या देशाचंच राहतं, कंपन्यांना खर्च आणि नफ्यापोटी त्यातला वाटा मिळतो.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घ्या. रोज 1,00,000 बॅरल निघतात, भाव 50 डॉलर. सरकारला द्यायची 10 टक्के रॉयल्टी गेली की उरले 90,000. वसूल करायचा खर्च रोजचा 20 लाख डॉलर, म्हणजे 40,000 बॅरल ‘कॉस्ट ऑइल’ (खर्चापोटीचं तेल). उरलेले 50,000 ‘प्रॉफिट ऑइल’ (नफ्यापोटीचं तेल). त्यातले 60 टक्के सरकारचे, 40 टक्के म्हणजे 20,000 कंपन्यांचे. सगळ्या भागीदारांचे मिळून 60,000 झाले, आणि 20 टक्केवाल्याच्या हाती आले 12,000. हिस्सा 20 टक्के, हक्काचं तेल 12 टक्के. आयकर अजून बाकीच आहे.

आता भाव 100 डॉलर करा. तोच खर्च 20,000 बॅरलमध्ये भागतो. प्रॉफिट ऑइल 70,000, त्यातले कंपन्यांचे 28,000. एकूण 48,000, आपल्याला 9,600. भाव वाढल्यावर बॅरल घटले, पण रोजची रक्कम 6 लाखांवरून 9.6 लाख डॉलरवर गेली. म्हणून ‘भाव चढलेत आणि हिश्श्याचं तेल कमी झालंय’ असं दिसलं तर लगेच विहीर आटली असं समजू नका. आधी हे गणित तपासा.

उलट बाजूही आहे. करारात कॉस्ट ऑइलला बहुतेक वेळा कमाल मर्यादा असते. वरच्या उदाहरणात ती रॉयल्टीनंतरच्या तेलाच्या 50 टक्के, म्हणजे 45,000 बॅरल धरा. भाव 40 डॉलरवर आला की खर्च भागवायला 50,000 बॅरल लागतील. 5,000 बॅरलचा खर्च पुढच्या काळात ढकलला जातो. ऑपरेटरचे, म्हणजे प्रकल्प चालवणाऱ्या भागीदाराचे, कॅश कॉल (खर्चातला वाटा भरण्याच्या मागण्या) मात्र चालूच राहतात. ते भरले नाहीत तर भागीदारी करारातल्या तरतुदीनुसार हिस्सा गमवायची वेळ येते.

नकाशेवाला:
व्हॅन्कोरचा हिस्सा वरच्या प्रकारचा नाही. तिथे 2016 मध्ये रोसनेफ्ट या रशियन तेल कंपनीकडून दोन टप्प्यांत, आधी 15 आणि मग 11 टक्के, व्हॅन्कोर चालवणाऱ्या कंपनीचे समभाग घेतले. तेल ती व्हॅन्कोरची कंपनी विकते, आपल्याला लाभांश मिळतो. हिशेबात ती सहयोगी कंपनी धरली जाते, म्हणून विक्री तुमच्या तक्त्यात येत नाही. फक्त नफ्यातला वाटा एका ओळीत येतो. साखालिन-1 मध्ये 2001 साली घेतलेला हिस्सा प्रत्यक्ष प्रकल्पातला होता.

तेल भारतात आणण्याचं म्हणाल तर ते टँकरचं भाडं आणि रिफायनरीची गरज ठरवतात. साखालिनचं सोकोल तेल हलकं, गंधक कमी. ते डे-कास्त्री बंदरातून निघतं आणि हिवाळ्यात बर्फ फोडणारी जहाजं सोबत लागतात. जपान आणि कोरिया जवळ आहेत. तिथे विकायचं आणि आपल्या रिफायनऱ्यांसाठी आखातातून घ्यायचं, हे बऱ्याचदा स्वस्त पडतं. सुदानचं नाईल ब्लेंड मंगळूरच्या रिफायनरीत आलेलं आहे, पण त्यात मेण खूप. थंड झालं की गोठतं, त्यामुळे टाकी आणि पाइप गरम ठेवावे लागतात.

वायूला तर ही सोयही नाही. व्हिएतनामच्या 06.1 ब्लॉकचा वायू तिथल्या वीजकेंद्रांना जातो, म्यानमारच्या श्वे क्षेत्राचा मोठा भाग पाइपने चीनला. तिथून आपल्याला फक्त पैसाच मिळू शकतो. माझ्या मते ‘ऊर्जा सुरक्षा’ या शब्दाचा इथला खरा अर्थ भावापासून संरक्षण एवढाच आहे: तेल महागलं की देशाचं आयातबिल वाढतं आणि या हिश्श्यांचं उत्पन्नही वाढतं. तेवढंही मोलाचं आहे, पण पैसा घरी आला तरच.

खनिजवेध:
म्हणजे विहिरीपेक्षा पैसा बाहेर काढणं अवघड?

तळविहीर:
अगदी तेच. 2022 नंतर निर्बंधांमुळे भारतीय कंपन्यांचे रशियातले लाभांश तिथल्या बँकांतच साचले. व्हेनेझुएलातल्या सान क्रिस्तोबाल तेलक्षेत्रात 40 टक्के आहेत, पण लाभांश वर्षानुवर्षं थकला. सुदानमध्ये अडथळा वेगळा. 2003 मध्ये तिथल्या तेल प्रकल्पात 25 टक्के घेतले तेव्हा देश एक होता. 2011 ला दक्षिण सुदान वेगळा झाला, बहुतेक तेल दक्षिणेत गेलं आणि पाइपलाइन व बंदर उत्तरेत राहिलं. वाहतूक शुल्कावरून भांडण पेटलं आणि जानेवारी 2012 मध्ये दक्षिणेने उत्पादनच बंद केलं. ते 2013 मध्ये पुन्हा सुरू झालं.

काही वेळा मात्र चूक खरेदीतच असते. रशियात तेलक्षेत्रं असलेल्या इम्पीरियल एनर्जी या ब्रिटिश कंपनीच्या खरेदीचा सौदा ऑगस्ट 2008 मध्ये जाहीर झाला, त्याच्या आदल्याच महिन्यात भाव 147 डॉलरला टेकला होता. जानेवारी 2009 मध्ये सुमारे 2.1 अब्ज डॉलर देऊन तो पूर्ण झाला, तेव्हा भाव 40 च्या आसपास. वर तोम्स्क भागातला खडक घट्ट, तेल सहज वाहत नाही, उत्पादन अपेक्षेच्या जवळही गेलं नाही.

नकाशेवाला:
आणखी दोन कलमं बघत जा. एक, अग्रहक्क, म्हणजे हिस्सा विकला जात असेल तर तो आधी आपण घेण्याचा हक्क. कझाकस्तानच्या काशागान तेलक्षेत्रातला कोनोकोफिलिप्स या अमेरिकन कंपनीचा 8.4 टक्के हिस्सा ओएनजीसी विदेशने सुमारे 5 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरलं होतं. तिथल्या सरकारने 2013 मध्ये अग्रहक्क वापरला, तो हिस्सा त्यांच्या राष्ट्रीय कंपनीकडे गेला. दोन, शोधाचा करार आणि विकासाचा करार वेगळे असतात. इराणच्या फर्झाद-बी मध्ये वायू भारतीय कंपन्यांनी 2008 मध्ये शोधला, पण विकासाचं काम 2021 मध्ये इराणच्या पेट्रोपार्सला मिळालं.

अहवाल वाचताना माझा क्रम असा: आधी इम्पेअरमेंटची टीप, म्हणजे कोणत्या क्षेत्राचं पुस्तकी मूल्य कापलं ते. मग येणी, देशनिहाय आणि किती जुनी. विहिरी बंद करण्यासाठी केलेली तरतूद तिसरी, कारण क्षेत्र म्हातारं झालं की तिचा बोजा वाढतो. कंपनीचे हिशेब मुळात डॉलरमध्ये असतात, रुपयात दाखवताना विनिमय दर लागतो, म्हणून वाढ-घट डॉलरच्याच आकड्यांवर तपासा. मोझांबिकच्या वायू प्रकल्पासाठी नफा शोधू नका: 2013-14 मध्ये हिस्से घेतले, गुंतवणुकीचा अंतिम निर्णय 2019 ला झाला, 2021 ला जवळच्या पाल्मा शहरावरच्या हल्ल्यानंतर काम थांबलं. तिथे फक्त गुंतलेली रक्कम आणि कर्जाची हमी बघायची.